स्पेनमधले जुने मठ हॉटेल कसे काय झाले? राहायला जायचंय, त्याआधी विचारतोय

होटगी_रोड:

नमस्कार मंडळी. आमचा मुलगा माद्रिदला नोकरीला आहे, ऑक्टोबरमध्ये मी आणि आमची सौ. त्याच्याकडे चाललोय. त्यानं लिओन नावाच्या गावी सान मार्कोस म्हणून हॉटेल आहे तिथं आमचा मुक्काम बुक केलाय. फोटो पाठवला तर मी बघतच बसलो, समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती कोरीव, गोल चौकटीत माणसांचे चेहरे, वेलबुट्टी, मोठ्या दारावर घोड्यावर बसलेला संत आणि बाजूला चिकटूनच चर्च. मुलाला म्हटलं हे हॉटेल? तर म्हणे बाबा आधी मठ होता, आता सरकारी हॉटेल आहे.

मग नेटवर वाचायला बसलो आणि डोकंच चक्रावलं. मठ, मग शाळा, मग घोड्यांचा तबेला, मग कैद्यांची छावणी, मग हॉटेल, एकाच इमारतीत एवढं सगळं. आणि हे एकट्या सान मार्कोसचं नाही, कुठं मठात चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना, कुठं चर्चमध्ये सुपरकॉम्प्युटर, एका चर्चमध्ये तर पोरं स्केटबोर्ड खेळतायत आणि छत सगळं रंगीबेरंगी रंगवलंय.

मला कळत नाही ते हे की एवढे मठ रिकामे झालेच कसे. धर्म तर तिथं अजून तोच आहे. चर्चवाल्यांनी स्वतः विकले की कोणी काढून घेतले? आणि सौ.चा एक प्रश्न आहे, ती दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारी, तिनं फोटो बघून एवढंच विचारलं की जिथं शेकडो वर्षं देवाचं नाव घेतलं गेलं तिथं आपण जाऊन गादीवर झोपायचं, बरं दिसतं का ते? मला उत्तर देता आलं नाही. कोणी जाऊन आलं असेल, वाचलं असेल तर सांगा, बुकिंग बदलायला अजून वेळ आहे.


विजापूर_वेस:

भाऊ, मी शाळेत इतिहास शिकवायचे. हा भाग आपल्या पुस्तकात नव्हता, रिटायर झाल्यावर आवडीनं वाचला आणि वाचताना फार गुंतत गेले, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मठ काढून घेतले, आणि ते स्पेनच्याच सरकारनं. १८३३ साली राजा सातवा फर्नांदो वारला, मागं वारस म्हणून जेमतेम तीन वर्षांची मुलगी इसाबेल. राजाचा भाऊ कार्लोस म्हणाला गादी माझी, आणि भाऊबंदकीचं युद्ध पेटलं ते १८४० पर्यंत चाललं. मठातले बरेच लोक कार्लोसच्या बाजूचे अशी शहरातल्या लोकांची पक्की समजूत. त्यात १८३४ च्या जुलैत माद्रिदमध्ये कॉलरा आला, कोणीतरी अफवा उठवली की संन्याशांनी पाण्यात विष कालवलंय, आणि जमावानं मठांत घुसून कित्येक संन्याशांना ठार मारलं. पुढच्या वर्षी २५ जुलैला बार्सिलोनात बुलफाइटला लोक जमलेले, खेळ रंगला नाही म्हणून चिडले, बाहेर पडून दंगल केली आणि त्या रात्री शहरातले मठ पेटले. म्हणजे राग आधीपासून साठलेला होता, ठिणगी काय कशाचीही पडली असती.

आणि मग आले मेंदिसाबाल. अर्थखातं त्यांच्याकडे, नंतर पंतप्रधान. तिजोरीत खडखडाट, जुन्या कर्जाचा डोंगर, सैन्याचे पगार थकलेले. मठांकडे मात्र जमिनी भरपूर, पिढ्यान्‌पिढ्या दान मिळालेल्या, आणि त्या विकता येत नव्हत्या. त्यांनी मठ बरखास्त केले आणि १९ फेब्रुवारी १८३६ च्या हुकमानं त्यांची मालमत्ता लिलावात काढली. यातली खुबी बघा, पैसे रोख द्या नाहीतर सरकारी कर्जरोख्यात द्या, आणि रोखा बाजारात पडेल भावानं मिळत असला तरी लिलावात तो दर्शनी किमतीला धरला जायचा. सरकारला वाटलं कर्ज फिटेल आणि नवे जमीनमालक आपोआप इसाबेलच्या बाजूनं उभे राहतील.

झालं काय, तर ज्याच्याकडे रोखे आणि पैसा त्यालाच जमीन मिळाली. कसणारा कुळवाडी होता तिथंच राहिला, फक्त मालक बदलला, आणि मठापेक्षा नवा मालक खंडाला कडक निघाला असं पुष्कळ ठिकाणी झालं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. देवाच्या नावावरची जमीन गेली आणि तरी गरिबाच्या हाती काही आलं नाही.

आता इमारती. जमीन पटकन खपते पण शंभर खोल्यांचा दगडी मठ घेऊन कोण काय करणार? मग सरकारनं त्यात बराकी घातल्या, तुरुंग, दवाखाने, शाळा, कचेऱ्या. बार्सिलोनाचं बोकेरिया मार्केट सगळे टुरिस्ट बघतात ना, ते सान जोसेपच्या मठाच्या जागेवर आहे. तिथलंच लिसेउ हे ऑपेरा थिएटर, ते पण मठाच्या जागी, १८४७ चं. व्हॅलेन्सियाजवळचा सान मिगेल दे लोस रेयेस हा मठ तर एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाला तो १९६६ पर्यंत, आणि आज तिथं व्हॅलेन्सियाची मोठी सरकारी लायब्ररी आहे. ज्या इमारतींना कोणीच वाली मिळाला नाही त्यांची आधी छपराची कौलं आणि तुळया गेल्या, मग पावसानं आपलं काम केलं.

चर्चनं विरोध केला का, तर अर्थातच केला, पोपशी संबंध तुटल्यासारखेच झाले होते. शेवटी १८५१ मध्ये करार झाला, विकलं गेलं ते गेलं, त्यावर आम्ही दावा सांगणार नाही, बदल्यात सरकार धर्मगुरूंचा खर्च बघेल. आणि तरी १८५५ मध्ये मादोस नावाच्या मंत्र्यानं लिलावाची दुसरी फेरी काढलीच, त्यात गावांच्या सामाईक गायरान जमिनीसुद्धा गेल्या.


मिल_गेट:

मॅडमनी फार छान सांगितलं. काका, तुम्ही तो भांड्यांचा कारखाना म्हणालात तो सेव्हिलचा, ला कार्तुहा. मी कंपनीच्या कामासाठी सेव्हिलला राहिलोय, रविवारी तिथंच जाऊन बसायचो म्हणून त्याबद्दल लिहितो.

नदीपलीकडे बेटासारखी जागा आहे. अरबी राजवटीत तिथं कुंभार माती खणायचे, खणून खणून गुहा झाल्या, त्यातल्या एका गुहेत मेरीची मूर्ती सापडली असं सांगतात आणि म्हणून पुढं १४०० साली तिथं मठ झाला, गुहांची मेरी याच नावानं. कोलंबसचं शव बरीच वर्षं इथल्या चर्चमध्ये होतं. नेपोलियनच्या सैन्यानं येऊन बराक केली, मग मेंदिसाबालच्या वेळी संन्यासी गेले, आणि चार्ल्स पिकमन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं जागा घेऊन १८४१ पासून तिथं कपबशा, थाळ्या, टाइल्स काढायला सुरुवात केली. जिथं आधी कुंभार होते तिथंच परत भट्ट्या पेटल्या. हा कारखाना १९८० च्या दशकापर्यंत त्याच आवारात चालला.

आता बघायला गेलं तर काय दिसतं सांगतो. मठाचा दरवाजा, आत संत्र्याची झाडं, चर्चचं लहानसं घंटाघर, आणि त्याच्या मागं विटांच्या उंच भट्ट्या, खाली फुगीर आणि वर निमुळत्या, चर्चच्या बरोबरीनं उभ्या. एकाच फोटोत दोन्ही येतात. १९९२ चं जागतिक प्रदर्शन याच बेटावर भरलं तेव्हा सगळं दुरुस्त केलं, आणि मठ वाचवायचा म्हणून कारखान्याच्या भट्ट्या पाडायच्या असं केलं नाही, दोन्ही ठेवलं. आज तिथं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तुम्ही ज्या हॉलमध्ये चित्रं बघता तिथं कधी संन्यासी जेवत होते आणि कधी बाया बशांवर नक्षी काढत होत्या.

माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते, भोंगा झाला की अख्खी गल्ली जागी व्हायची. आपल्याकडं मिल बंद पडल्या, यंत्रं भंगारात गेली, जागेवर प्लॉट पडले. त्या भट्ट्यांपाशी उभं राहिलो की मला दरवेळी वाटायचं की ह्यांनी मजुरांची आठवण पण मठाइतकीच जपण्यासारखी मानली. त्यामुळं काकूंना सांगा, देवाच्या जागेत माणसांनी घाम गाळला तर ती जागा बाटत नाही, निदान मला तरी तसं वाटतं.


बाळी_वेस_चौक:

सगळ्यांचं वाचलं, चांगली माहिती दिली, पण माझं मत जरा येगळं हाय. कारखाना चालंल, शाळा तर लईच चांगली, दवाखाना पण चांगला. पण चर्चमध्ये स्केटबोर्ड? जिथं लोकांनी लेकराबाळांची नावं ठेवली, मयताला शेवटचं पाणी दिलं, तिथं भिंतीला निळे गुलाबी पट्टे मारायचे आन पोरांनी गाड्या पळवायच्या? आपल्या इथल्या कुठल्या देवळाचं असं झालं तर आपल्याला सोसंल का ओ? दुसऱ्याचा देव म्हणून आपण भारी भारी म्हणायचं हे मला पटत नाही.

आन काकूंच्या प्रश्नावर सांगतो, मला त्या सान मार्कोसचं मठ होतं ह्यानं काही वाटलं नाही, छावणी होती ह्यानं वाटलं. युद्धात माणसं कोंडून मारली तिथं फाइव्ह स्टार रूम काढली असंल तर निदान लिहून तरी ठेवलं पाहिजे की. तुम्ही तिथं गेल्यावर विचारा काका.


चुनागच्ची:

मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, वाडे, वेशी, दगडी चौथरे असलं. बाळी वेसवाल्या भाऊंचा मुद्दा मी टाळणार नाही, पण आधी ते स्केटचं चर्च नक्की काय आहे ते बघू.

ते उत्तरेत अस्तुरियास भागात यानेरा इथं आहे, सांता बार्बराचं, १९१२ चं. तिथं स्फोटकांचा कारखाना होता, कामगारांच्या वस्तीसाठी बांधलं. वस्ती उठली, चर्च बंद पडलं, छप्पर फाटलं, कित्येक वर्षं कोणी फिरकलं नाही. २००७ च्या सुमाराला काही तरुणांनी ते विकत घेतलं, आत लाकडी रॅम्प घातले, आणि २०१५ मध्ये ओकुदा सान मिगेल या चित्रकारानं भिंती आणि घुमट रंगवला. म्हणजे पूजा चालू असताना कोणी हुसकावलेलं नाही. आणि कॅथलिक कायद्यातच याची सोय आहे, कलम १२२२, चर्च पूजेसाठी वापरण्यासारखं उरलं नसेल आणि दुरुस्तही होणार नसेल तर बिशप त्याला लौकिक वापरासाठी मोकळं करू शकतो, अट एवढीच की वापर हिणकस नसावा. आता स्केटिंग हिणकस आहे का यावर तिथलेही लोक भांडतात, भांडू देत, मी तरी म्हणेन की नाही. पोरांच्या घामानं त्या छपराची दुरुस्ती होते. रिकाम्या इमारतीचं काय होतं ते मी रोज बघतो, कौल सरकतं, पावसाळ्यात पाणी भिंतीत उतरतं, चुना सुटतो, पिंपळ रुजतो, आणि पिंपळ एकदा भिंतीत गेला की मुळासकट काढताना भिंत पण येते. माणूस आत वावरत असला तर पहिल्या गळतीलाच बोंब होते, एवढा साधा हिशोब आहे.

माझ्या आवडीची दोन कामं सांगतो, दोन्ही कॅटलोनियातली. सांतपेदोर गावात फ्रान्सिस्कन मठ होता अठराव्या शतकातला, १८३५ नंतर पडत पडत शेवटी २००० साली बाकीचा पाडून टाकला, फक्त चर्च राहिलं, तेही भगदाडं पडलेलं. डेव्हिड क्लोसेस या आर्किटेक्टनं त्याचं सभागृह केलं, पण भगदाडं बुजवली नाहीत. जिने आणि मशिनरी बाहेरच्या बाजूला काढली, छपराच्या पडलेल्या भागातून उजेड येऊ दिला, जुना दगड कुठं संपतो आणि नवं काम कुठं सुरू होतं हे लहान मुलालाही कळेल. दुसरं कोर्बेरा देब्रे, १९३८ च्या एब्रो नदीच्या लढाईत अख्खं गाव बॉम्बनं उद्ध्वस्त झालं, चर्चला छप्पर राहिलं नाही. तिथं पारदर्शक प्लॅस्टिकसारख्या पडद्याचं छत घातलंय, पाऊस आत येत नाही पण आकाश दिसतं. आत कार्यक्रम होतात. जखम लपवली नाही आणि इमारतही वापरात आली, मला आमच्या धंद्यात याहून जास्त काही मागायचं नाही.

सुपरकॉम्प्युटरचं पण खरं आहे, बार्सिलोनात तोरे जिरोना नावाचं चॅपल आहे, त्यात काचेची मोठी पेटी उभी करून मारेनोस्त्रुम नावाचा तो सुपरकॉम्प्युटर बसवला होता, पेटी भिंतीला कुठं टेकत नाही. नवं पाचवं मशीन मात्र शेजारच्या इमारतीत आहे.

आता सान मार्कोस. भाऊ, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ती जागा बाराव्या शतकापासून यात्रेकरूंची, सान्तियागोला पायी जाणाऱ्यांची, आत्ताची इमारत सोळाव्या शतकात सुरू झाली. केवेदो हा स्पेनचा मोठा कवी, त्याला राजानं १६३९ ते १६४३ तिथंच कोंडून ठेवलं होतं, म्हणजे तुरुंग म्हणून वापर मठ चालू असतानाही झालाय. १८३६ नंतर शाळा, बराक, लष्करी घोडे. आणि १९३६ ला यादवी युद्ध पेटल्यावर पुढं हुकूमशहा झालेल्या सेनापती फ्रँकोच्या बाजूनं तिथं छावणी केली, हजारो माणसं त्या ओवऱ्यांत, कोठड्यांत, थंडीत उपाशी कोंबलेली, कितींना बाहेर काढून गोळ्या घातल्या. १९४० पर्यंत हे चाललं, आणि १९६० च्या दशकात, फ्रँको सत्तेवर असतानाच, तिथं आलिशान हॉटेल झालं. साहजिकच तेव्हा कोणी पाटी लावणार नव्हतं. २०२२ मध्ये स्पेननं लोकशाही स्मृतीचा कायदा केला, अशा जागा स्मृतिस्थळं म्हणून नोंदवायच्या. काका, तुम्ही जाच तिथं, आणि ओवरीत उभं राहून हे सगळं आठवा, आणि रिसेप्शनला जरूर विचारा. पाहुण्यांनी विचारत राहणं याला किंमत असते.


विजापूर_वेस:

बाळी वेसवाल्या दादांनी विचारलं ना, आपल्या देवळाचं असं झालं तर सोसेल का. स्पेनमध्ये हा प्रश्न फक्त मठांपुरता नाही, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

टोलेडोला जाल तेव्हा दोन जुनी ज्यू प्रार्थनाघरं बघा. पहिलं बाराव्या शतकातलं, आत पांढऱ्याशुभ्र घोड्याच्या नालेसारख्या कमानींच्या रांगा, बांधकामाची धाटणी सगळी मुसलमानी, बांधून घेणारे ज्यू. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं चर्च केलं, नंतर ते वेश्याव्यवसाय सोडलेल्या बायकांचं आश्रयस्थान होतं, बराक होती, गोदाम होतं. आजही त्याचं नाव सांता मारिया ला ब्लांका, म्हणजे प्रार्थनाघर ज्यूंचं आणि नाव मेरीचं. दुसरं एल त्रांसितो, राजाचा खजिनदार सामुएल हा-लेव्ही यानं चौदाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं. वर लाकडी छत आणि त्याच्या खाली भिंतीवर चारही बाजूंनी चुन्यात कोरलेल्या हिब्रू ओळी. १४९२ मध्ये ज्यूंना एकतर धर्म बदला नाहीतर देश सोडा असं फर्मान निघालं, मग ते लष्करी धर्मसंघाला दिलं, पुढं दप्तरखाना, सैनिकांची जागा, आणि आता ज्यूंच्या स्पॅनिश इतिहासाचं संग्रहालय. कॉर्दोबाचं छोटं प्रार्थनाघर, १३१५ चं, ते तर पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांचा दवाखाना झालं होतं, नंतर चांभारांच्या संघाकडे गेलं, एकोणिसाव्या शतकात गिलावा निघाला तेव्हा आतली हिब्रू अक्षरं परत दिसली.

आणि कॉर्दोबाची मशीद. मशीद म्हणा नाहीतर कॅथेड्रल म्हणा, तिथले लोक दोन्ही एकत्र म्हणतात. पहिल्या अब्द अल-रहमाननं आठव्या शतकात सुरू केलेली, पुढच्या राजांनी वाढवत नेलेली. खांब जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींतून आणलेले, म्हणून उंची पुरेना, मग एका कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल वीट पांढरा दगड, लाल वीट पांढरा दगड. आठशेच्या वर खांब आहेत. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांदोनं शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण जवळजवळ तीनशे वर्षं मोडतोड फारशी केली नाही. १५२३ मध्ये मात्र बिशपनं मधोमध खांब काढून उंच कॅथेड्रल उभं करायला घेतलं, नगरपरिषदेनं विरोध केला, हे पाडणाऱ्याला देहदंड अशी दवंडी पिटली, पण पाचव्या कार्लोस राजानं बिशपची बाजू घेतली. मी गेले होते तेव्हा त्या सावलीतल्या खांबांतून चालत असताना एकदम वर भगभगीत उजेड आणि पांढरं छत आलं, आणि मला खरंच कळेना रागवावं की बघत राहावं. दोन्ही झालं. चर्च नसतं झालं तर ती इमारत पुढच्या आठशे वर्षांत उभी राहिली असती का, हेही मनात येतंच.

त्यामुळं दादा, सोसेल का याचं उत्तर मला असं वाटतं की ज्यांचं गेलं त्यांना नाही सोसत, सोसूही नये. २००६ मध्ये तिथल्या बिशपनं ती इमारत चर्चच्या नावावर रजिस्टर केली त्यावरून कॉर्दोबाचे लोक अजून वाद घालतायत, इमारत कोणाची, तिची गोष्ट कोण सांगणार. १९४६ च्या एका कायद्यानं बिशपच्या सहीवर नोंद करायची मुभा होती, ती २०१५ मध्ये काढली. हा वाद चालू आहे ते बरंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.


बाळी_वेस_चौक:

मॅडम, हे माहीतच नव्हतं. दवंडी पिटली म्हणजे साध्या लोकांनी पण मशीद वाचवायला बघितली, हे ऐकून बरं वाटलं. स्केटचं मला अजून पटलं नाही, पण कौल सरकतं ते खरं हाय, आमच्या गल्लीतला एक वाडा असाच गेला.


होटगी_रोड:

सगळ्यांचे मनापासून आभार. सौ.ला सगळं वाचून दाखवलं, रात्री जेवणं झाल्यावर बसलो होतो ते साडेअकरा वाजले. ती म्हणाली राहूया, पण मग अशी पण एक जागा दाखवा जिथं ते लोक परत आले आणि अजून प्रार्थना होते, नाहीतर सगळं गेलेलंच बघून यायचं का. माद्रिदहून लिओनला जाताना वाटेत असं काही आहे का? मुलगा गाडी भाड्यानं घेणार आहे. आणि ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही, तेही सांगा.


चुनागच्ची:

काकूंनी बरोबर विचारलं. परत आलेल्यांत सगळ्यात मोठं नाव पोब्लेत, अरागॉनच्या राजांच्या कबरी तिथं, १८३५ मध्ये लूट झाली, कबरी फोडल्या, १९३० ला दुरुस्ती सुरू झाली आणि १९४० ला संन्यासी परतले. पण ते कॅटलोनियात, तुमच्या रस्त्यावर नाही. तुमच्यासाठी सांतो दोमिंगो दे सिलोस. माद्रिदहून बुर्गोसकडे जाताना थोडं आत वळायचं, मग बुर्गोस करून लिओन. तिथूनही १८३५ ला सगळे गेले, १८८० मध्ये फ्रान्समधून बेनेडिक्टाइन संन्यासी येऊन मठ पुन्हा सुरू केला तो आजपर्यंत चालू आहे. दोन मजली ओवरी आहे, खालचे खांब जोडीजोडीनं उभे, खांबांच्या माथ्यावर पक्षी, राक्षस, वेली, एकासारखा दुसरा नाही, कोपऱ्यातले मोठे दगडी शिल्पपट तर जवळ जाऊन बघा, अंगावरच्या वस्त्रांच्या चुण्या मोजता येतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला प्रार्थना गातात, लॅटिनमध्ये, वाद्यांचा गजर नाही, कोणालाही बसता येतं. निघायच्या आधी वेळ एकदा त्यांच्या साइटवर बघून घ्या, सणावाराला बदलतो.


मिल_गेट:

जेवणाचं मी सांगतो काका, त्यात माझी पीएचडी झालीय म्हणा, कारण आमच्या घरीही शाकाहारच. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, हॅमसुद्धा नाही असं एकेक सांगायचं, नाहीतर भाजीच्या सूपमध्ये हॅमचे तुकडे येतात. गॅझ्पाचो हे टोमॅटोचं गार सूप चालतं, पण वर उकडलेलं अंडं घालू नका म्हणायचं. बटाट्याचं ऑम्लेट फार प्रसिद्ध आहे पण त्यात अंडं. पॅद्रोन मिरच्या तळून मीठ टाकून देतात, त्या काकूंना नक्की आवडतील, सोबत शेंगाचटणीची पुडी इथूनच न्या.

आणि एक, काही मठांतल्या नन्स अजून स्वतः मिठाई करून विकतात. भिंतीत लाकडी फिरता कोनाडा असतो, तुम्ही पैसे ठेवायचे, पलीकडून कोणीतरी फिरवतं, डबा समोर येतो, समोरची बाई दिसत नाही फक्त आवाज येतो. बघायला जरूर जा, पण काकूंसाठी घ्यायच्या आधी विचारा, बहुतेकांत अंड्याचा बलक असतो आणि काहींत डुकराची चरबी. साखरेतले बदाम मिळाले तर घ्या.

टोलेडोचं ज्यू संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून दिवस लावा, माद्रिदहून फास्ट ट्रेननं अर्ध्या तासात पोचता. कॉर्दोबाला मशीद बघायची तर सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठला दारात उभे राहा, सुरुवातीचा जवळजवळ तासभर तिकीट नसतं आणि ग्रुप आलेले नसतात.


होटगी_रोड:

फार फार धन्यवाद. मुलाला सिलोस सांगितलंय, तो म्हणाला बाबा मी इथं राहून मला माहीत नव्हतं. सान मार्कोसला छावणीचं विचारणार आहेच, मुलगा स्पॅनिशमध्ये विचारेल, काय उत्तर मिळतं ते इथंच लिहीन.